‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी : फुप्फुसांतील रक्तदाबाची ओळख आणि अर्धशतकाची वाटचाल

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला जिना चढताना दम लागला, तर घरातील कोणी फारसे दचकत नाही. ‘आता वय झाले’ असे तो स्वतःच म्हणतो आणि आपणही मान डोलावतो. पुढे तो मंडईत जाणे सोडतो, देवळाच्या पायऱ्या टाळतो, वरच्या मजल्यावरील स्नेह्यांकडे जाणे बंद करतो. काही दिवसांनी त्याची तक्रारही थांबते. दम लागावा असे काही तो करीतच नाही, म्हणून ती थांबलेली असते.

वाढत्या वयाबरोबर दमसास थोडा कमी होतो, हे खरे आहे. परंतु गेल्या दिवाळीला सहज चढलेला जिना या दिवाळीला तीनदा थांबून चढावा लागत असेल, तर एवढी घसरण निव्वळ वयाची नसते. तिच्यामागे रक्तक्षय असू शकतो, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असू शकतो. या नेहमीच्या कारणांच्या आड लपून बसणारा आणखी एक विकार आहे. त्याला वैद्यकात ‘पल्मनरी हायपरटेन्शन’ म्हणतात, म्हणजे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा वाढलेला रक्तदाब. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी या विकाराच्या गंभीर प्रकारावर एकही खास औषध नव्हते. आज अनेक आहेत. मात्र त्यांचा लाभ मिळण्यासाठी आधी विकार ओळखला जावा लागतो आणि त्याचा नेमका प्रकार कळावा लागतो.

हा कोणता रक्तदाब?

दंडाला पट्टा बांधून आपण जो रक्तदाब मोजतो, तो हृदयाच्या डाव्या बाजूने सर्व शरीराला पुरवल्या जाणाऱ्या रक्ताचा असतो. हृदयाची उजवी बाजू शरीरातून परत आलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते. या दुसऱ्या मार्गावरील दाब पुष्कळच कमी असतो. डाव्या बाजूचा सरासरी दाब सुमारे ९० मिलिमीटर असेल, तर फुप्फुसाच्या धमनीतील सरासरी दाब विश्रांतीच्या वेळी सुमारे १४ मिलिमीटर असतो. तो २० मिलिमीटरच्या वर गेला की त्यास पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. दंडावरचा रक्तदाब अगदी उत्तम असतानाही हा दुसरा दाब वाढलेला असू शकतो. पट्ट्याच्या यंत्राने तो मोजता येत नाही.

शेतातील ठिबक सिंचनाचे उदाहरण घ्या. नळ्यांत क्षार साचून त्यांची छिद्रे बुजू लागली, तर पाणी पुढे सरकत नाही आणि ताण येतो तो मोटरीवर. फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्या आकसल्या, जाड झाल्या किंवा गुठळ्यांनी बुजल्या, की हृदयाच्या उजव्या कप्प्यावर असाच ताण येतो. हा कप्पा पातळ भिंतींचा असून कमी दाबाच्या कामासाठीच घडलेला असतो. तो काही काळ जोर लावतो, मग फुगतो आणि अखेरीस थकतो. श्रम करताना दम लागणे, अकारण थकवा, पायांवर सूज, पोट फुगणे, छातीत दडपण, ओठांवर निळसर झाक आणि चढण चढताना भोवळ येणे ही लक्षणे यातूनच निर्माण होतात. भोवळ येऊन शुद्ध हरपली असेल, तर ते गंभीर लक्षण समजून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

एका अहवालातील तीन अक्षरे

हल्ली पुष्कळ ज्येष्ठांची टू-डी इको तपासणी होते. अहवालाच्या शेवटी ‘माइल्ड पीएएच’ किंवा ‘मॉडरेट पीएएच’ असे लिहिलेले असते. घरातील कोणी तरुण ती अक्षरे मोबाइलवर शोधतो आणि काही मिनिटांत सारे घर हवालदिल होते. यासाठी दोन गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली अशी, की इको तपासणी फुप्फुसांतील दाबाचा अंदाज देते. निश्चित मोजमाप करण्यासाठी मान, दंड किंवा मांडी येथील शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत नेऊन दाब मोजावा लागतो. या तपासणीची सुरुवात मोठी धाडसी होती. १९२९ साली वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्याच दंडातील शिरेतून अशी नळी हृदयापर्यंत नेली आणि क्ष-किरण चित्र काढून घेतले. पुढे आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी अमेरिकेत ही पद्धत विकसित केली आणि १९५६ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. इको तपासणी झालेल्या प्रत्येकाला या तपासणीची गरज नसते. उपचाराचा निर्णय तिच्यावर अवलंबून असेल, तेव्हाच ती केली जाते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडील इको अहवालांत ‘पीएएच’ ही अक्षरे फुप्फुसांतील कोणत्याही वाढलेल्या दाबासाठी सरसकट वापरली जातात. काटेकोर अर्थाने मात्र ती पाच गटांपैकी केवळ पहिल्या गटाची आहेत. पहिल्या गटात फुप्फुसाच्या लहान धमन्याच रोगग्रस्त होतात; हा दुर्मीळ प्रकार होय. दुसऱ्या गटात मूळ दोष हृदयाच्या डाव्या बाजूचा असतो. तिसऱ्यात तो फुप्फुसांचा, चौथ्यात धमनीत अडकून राहिलेल्या जुन्या गुठळ्यांचा असतो. पाचव्या गटात इतर संमिश्र कारणे येतात. जगाच्या लोकसंख्येत सुमारे एक टक्का लोकांना यांपैकी कोणता ना कोणता प्रकार असावा, असा अंदाज आहे. पासष्टीनंतर हे प्रमाण वाढते आणि त्या वयात दुसरा आणि तिसरा गट सर्वाधिक आढळतो.

संशोधनाची पन्नास वर्षे

या विकाराकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते एका दुर्घटनेमुळे. १९६५ साली स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत ‘अमिनोरेक्स’ हे भूक मारून वजन घटवणारे औषध बाजारात आले. थोड्याच काळात तेथील रुग्णालयांत फुप्फुसांतील दाब वाढलेले रुग्ण कितीतरी अधिक संख्येने दिसू लागले. १९६८ साली ते औषध मागे घेण्यात आले. त्या अनुभवानंतर १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हा येथे या विकारावर पहिली आंतरराष्ट्रीय बैठक भरवली. वजन घटवणारी कोणतीही गोळी किंवा चूर्ण डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, हा त्या घटनेचा धडा आजही तितकाच लागू आहे.

पुढचे पाऊल होते रुग्णांची नोंद ठेवण्याचे. १९८१ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ३२ केंद्रांतून नोंदवही तयार केली. एवढ्या मोठ्या देशात, कित्येक वर्षे प्रयत्न करून, मूळ कारण न सापडलेल्या प्रकाराचे अवघे १८७ रुग्ण त्या नोंदवहीत आले. त्यांचे सरासरी वय ३६ होते. निदानानंतर त्यांपैकी निम्मे रुग्ण २.८ वर्षांच्या आत दगावले. ही आकडेवारी निराशाजनक होती. पण औषधाने आयुष्य वाढते की नाही, हे ठरवण्यासाठी औषधाविना ते किती असते हे आधी माहीत असावे लागते. ते या १८७ जणांमुळे कळले.

दरम्यान प्रयोगशाळांत रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तराचे रहस्य उलगडत होते. १९७६ साली रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या ‘प्रोस्टासायक्लिन’ या द्रव्याचा शोध लागला. १९८८ साली जपानमधील त्सुकुबा विद्यापीठातील संशोधकांनी उलट काम करणारे, म्हणजे वाहिन्या आकसवणारे ‘एंडोथेलिन’ शोधले. नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू आपल्या शरीरात वाहिन्या सैल करण्याचा संदेश पोहोचवतो, या शोधासाठी १९९८ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आजची बहुतेक औषधे या तीन वाटांनीच चालतात.

१९९५ साली अमेरिकेत ‘एपोप्रोस्टेनॉल’ला मान्यता मिळाली. हे प्रोस्टासायक्लिनच होते. रक्तात ते काही मिनिटेच टिकते, म्हणून छातीतील शिरेत कायमची नळी बसवून लहानशा पंपाने ते अहोरात्र द्यावे लागते. पंप बंद पडणे जिवावर बेतू शकते. असा पंप बाळगून जगणे सोपे नव्हे, पण मृत्यूच्या दारात असलेली माणसे त्यामुळे उठून चालू लागली. २००१ साली ‘बोसेंटान’ ही तोंडाने घेण्याची पहिली गोळी आली. २००५ साली ‘सिल्डेनाफिल’ला या विकारासाठी मान्यता मिळाली. त्यानंतर निरनिराळ्या वाटांनी काम करणारी दोन औषधे सुरुवातीपासूनच एकत्र दिल्यास अधिक लाभ होतो, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले.

ही सारी औषधे प्रामुख्याने आकसलेल्या वाहिन्या सैल करतात. वाहिन्यांच्या भिंती जाड होण्याची मूळ प्रक्रिया रोखता येईल का, हा प्रश्न उरला होता. २००० साली आनुवंशिक प्रकारामागील महत्त्वाचे जनुक सापडले आणि पेशींच्या वाढीवर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा येथे बिघडलेली असते, हे स्पष्ट झाले. त्या वाटेवरचे ‘सोटाटरसेप्ट’ हे तीन आठवड्यांतून एकदा त्वचेखाली टोचण्याचे औषध आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या गटातील ३२३ रुग्ण होते. आधीच्या औषधांच्या जोडीने हे औषध घेणारे रुग्ण सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत इतरांपेक्षा सुमारे ४० मीटर अधिक चालू लागले. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. अधिक गंभीर रुग्णांवरील पुढची चाचणी तर लाभ निःसंशय दिसल्याने वेळेआधीच थांबवण्यात आली. रक्तस्राव आणि हिमोग्लोबिन प्रमाणाबाहेर वाढणे हे त्याचे दुष्परिणाम आहेत, म्हणून नियमित रक्ततपासणी लागते. त्याची किंमत आज सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे, हेही सांगितले पाहिजे.

या प्रवासाचे फलित काय? अमेरिकेत २००६ पासून ठेवल्या गेलेल्या नव्या नोंदवहीत पहिल्या गटातील सुमारे निम्मे रुग्ण निदानानंतर सात वर्षांनी हयात होते. १९८० च्या दशकातील पावणेतीन वर्षांशी ही तुलना तंतोतंत नाही, कारण रुग्णांचे वय आणि प्रकार बदलले आहेत. विकार पूर्ण बरा होत नाही, हेही खरे आहे. तरीही वाढलेल्या वर्षांत कितीएक जणांनी मुलांची लग्ने पाहिली असतील, नातवंडे मांडीवर घेतली असतील.

रुग्ण एकमेकांना भेटले

दुर्मीळ रोगाचे एक दुःख आकड्यांत दिसत नाही. आपल्यासारखा दुसरा कोणी रुग्ण कधी भेटतच नाही, हे ते दुःख. शेजारच्या मधुमेही माणसाकडून चार गोष्टी कळतात. येथे तसे कोणी नसते. अमेरिकेतील काही रुग्ण स्त्रियांनी एकमेकींचा शोध घेतला आणि १९९१ साली आपली संस्था उभारली. तीच आज ‘पल्मनरी हायपरटेन्शन असोसिएशन’ म्हणून ओळखली जाते. त्या वेळी या विकारावर मान्यताप्राप्त असे एकही औषध नव्हते. म्हणजे ही माणसे एकत्र आली ती उपचारांच्या आशेपेक्षा सोबतीच्या गरजेने. युरोपातही २००३ साली अशा संघटनांचा महासंघ स्थापन झाला.

या संघटनांनी वार्तापत्रे काढली, संशोधनासाठी निधी उभारला आणि औषधांच्या चाचण्यांत सहभागी होण्यास रुग्णांना प्रवृत्त केले. जेथे रुग्णच विरळ आहेत, तेथे स्वेच्छेने पुढे आलेल्या प्रत्येक माणसाचे मोल फार मोठे असते. १९७३ सालची जिनिव्हाची बैठक तज्ज्ञांची होती. २०१८ साली फ्रान्समधील नीस येथे भरलेल्या सहाव्या जागतिक परिषदेत रुग्णांच्या दृष्टिकोनासाठी स्वतंत्र अभ्यासगट होता. औषधाने किती मीटर अधिक चालता आले, याच्या जोडीला घरचे काम करता येते का, झोप लागते का, मन खचले आहे का, हे प्रश्नही मोजमापात यावेत, हा आग्रह त्यांचाच.

५ मे हा दिवस जागतिक पल्मनरी हायपरटेन्शन दिन म्हणून पाळला जातो. त्यामागे स्पेनमधील १९८१ सालच्या विषबाधेची आठवण आहे. उद्योगांसाठीचे रेपसीड तेल खाद्यतेल म्हणून विकले गेल्याने तेथे हजारो लोक आजारी पडले आणि त्यांतील काहींना पुढे हा विकार जडला.

आपल्या देशातही नोंदीचे काम झाले आहे. केरळमधील हृदयरोगतज्ज्ञांनी राज्यातील अनेक रुग्णालयांतून सुमारे दोन हजार रुग्णांची नोंद केली. त्यात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या मुळाशी हृदयाच्या डाव्या बाजूचे विकार होते. महाराष्ट्रात दवाखान्यात बसणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरलाही हेच चित्र ओळखीचे वाटते. लहानपणीच्या संधिवाती तापाने आकसलेली हृदयाची झडप, वर्षानुवर्षांचा रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे ताठरलेले हृदय, चुलीच्या धुराने किंवा विडीने जर्जर झालेली फुप्फुसे, क्षयरोग बरा झाल्यावर मागे उरलेले व्रण, अशी कारणे आपल्याकडील ज्येष्ठांत पुनःपुन्हा दिसतात.

नवे औषध सर्वांसाठी नाही

येथेच सर्वांत मोठी गफलत होण्याचा धोका असतो. नव्या औषधांच्या बातम्या वाचून ‘आमच्या बाबांनाही हे सुरू करा’ असा आग्रह धरला जातो. परंतु वर सांगितलेली बहुतेक औषधे पहिल्या गटासाठी आहेत. दुसऱ्या गटात ती निरुपयोगी, प्रसंगी अपायकारकही ठरतात. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरही फुप्फुसांतील दाब वाढलेलाच राहिलेल्या रुग्णांना सिल्डेनाफिल दिल्यास त्यांची स्थिती अधिक बिघडते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्पॅनिश अभ्यासात आढळले. अशा रुग्णांत रक्तदाब, झडप आणि हृदयाची कमजोरी यांवरचे उपचार हाच खरा उपाय असतो. तिसऱ्या गटात फुप्फुसांचे उपचार पुढे येतात. ज्यांच्या रक्तातील प्राणवायू खरोखरच फार कमी झालेला आहे, अशा सीओपीडीच्या रुग्णांना दिवसातून किमान १५ तास प्राणवायू दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० च्या सुमारास दोन अभ्यासांनी सिद्ध केले आहे.

चौथा गट निसटू देऊ नये, कारण येथे काही रुग्ण जवळजवळ पूर्ण बरे होऊ शकतात. पायातील गुठळी फुप्फुसात गेल्यानंतर तीन महिने पातळ रक्ताची औषधे घेऊनही दम उरला असेल, तर ‘व्ही-क्यू स्कॅन’ ही तपासणी करावी. जुनी गुठळी शस्त्रक्रियेने काढता येते. ते शक्य नसल्यास फुग्याने वाहिन्या रुंदावता येतात किंवा ‘रिओसिग्वाट’ हे औषध देता येते. भारतातही मोजक्या मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते.

सिल्डेनाफिलविषयी आणखी एक इशारा. हे औषध लैंगिक दुर्बलतेसाठी अधिक प्रसिद्ध असल्याने काही ज्येष्ठ रुग्ण संकोचून ते लपवतात, तर काही घरांत औषधाच्या दुकानात जाण्यावरून कुजबुज होते. फुप्फुसांच्या रक्तदाबासाठी ते घेण्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. मात्र लपवणे घातक आहे. हे औषध चालू असताना छातीत दुखले म्हणून कोणी जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी दिली, तर रक्तदाब एकदम कोसळून प्राणावर बेतू शकते. म्हणून रुग्ण हे औषध घेतो, ही गोष्ट घरातील प्रत्येक कर्त्या माणसाला आणि प्रत्येक डॉक्टरला माहीत असलीच पाहिजे.

घरच्यांनी काय करावे

पहिल्या गटातील विकाराचे निदान लक्षणे सुरू झाल्यावर सरासरी दोन वर्षांहून अधिक उशिरा होते. हा उशीर कमी करणे घरच्यांच्या हातात आहे. त्यासाठी ‘दम लागतो का?’ असे विचारू नये. उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘सहा महिन्यांपूर्वी करत होता आणि आता करत नाही, असे काय आहे?’ हे विचारावे. मिळालेले उत्तर तारखेसह लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. इको अहवाल हाती आल्यावर तिन्ही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत : हा दाब कोणत्या गटातला आहे, तो कशावरून ठरवला आणि आणखी कोणती तपासणी उरली आहे?

निदान झालेल्या रुग्णाचे वजन रोज सकाळी लघवी झाल्यावर नोंदवावे. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलोंनी वाढ झाली, तर ती चरबी नसून साचलेले पाणी असण्याची शक्यता अधिक, लगेच कळवावे. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ मोजावे. फ्लू आणि न्यूमोकॉकस यांच्या लशी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. कोणतेही औषध एकाएकी थांबवू नये आणि बाहेरगावी जाताना गोळ्या पुरेशा जवळ ठेवाव्यात. चारधाम यात्रेचा बेत असेल तर आधी तपासणी करावी. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून उंच आहे आणि विरळ हवेत फुप्फुसांतील दाब आणखी वाढतो. अंथरुणाला खिळून राहणे हा मात्र उपाय नव्हे. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत रोज चालणे हितकारक असते.

सेवा करणाऱ्यांनी स्वतःकडेही पाहावे. हा रुग्ण बाहेरून आजारी दिसत नाही, म्हणून त्याचा आळस समजला जातो आणि सेवा करणाऱ्याच्या कष्टांनाही कोणी दाद देत नाही. आपल्यासारख्या दोन-चार कुटुंबांची ओळख करून देता येईल का, असे उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना विचारावे. अशा गटात मनमोकळे बोलावे, माहितीची देवाणघेवाण करावी. मात्र दुसऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्या रुग्णाला देऊ नये. त्याचा गट वेगळा असू शकतो.

पन्नास वर्षांतील या प्रगतीचा पाया शोधला, तर तो नोंदवहीत सापडतो. कोणीतरी एकेका रुग्णाचा दम गांभीर्याने घेतला, त्याला नाव दिले आणि त्याची नोंद केली. औषधे त्यानंतर आली. आपल्या घरातील ज्येष्ठासाठीही क्रम हाच आहे. आज संध्याकाळी त्यांच्याबरोबर थोडे चालून पाहा. बोलता बोलता ते कोठे थांबतात, हे लक्षात ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेवढे नक्की सांगा.